हद्द आणि हक्क

मराठीतले ‘हद्द’ आणि ‘हक्क’ हे दोन्ही शब्द अरबीतून आले. उर्दूच्या तासाला मी ही जोडी नेहमी फळ्यावर लिहितो. हद्द म्हणजे जिथे थांबायचं ती रेघ आणि हक्क म्हणजे जे कुणालाही नाकारता येत नाही ते. मुलांना हे शब्द परस्परविरोधी वाटतात. मलाही वाटायचे. कॉम्प्युटरच्या एका इतिहासाने माझा समज बदलला.

शाळेच्या प्रयोगशाळेत एका लिनक्स सर्व्हरवर अनेक मुलं एकाच वेळी काम करायची. एकदा आठवीतल्या एका मुलाने स्वतःच्याच प्रती काढत राहणारा प्रोग्राम चालवला. बघता बघता सगळी खोली ठप्प झाली, बाकीच्यांचं टायपिंग वाया गेलं. मी त्याला सर्वांसमोर झापलं. तो रडवेला होऊन म्हणाला, “सर, मी एकच प्रोग्राम चालवला होता.” पोरगा खरं बोलत होता, पण त्याचा अर्थ मला पुढे कळला.

चालू असलेल्या प्रोग्रामला ‘प्रोसेस’ म्हणतात. एक प्रोसेस दुसरीला जन्म देते, ती तिसरीला. एका यंत्रावर अनेकांनी काम करायचं, तर मेमरी आणि सीपीयूचा वेळ वाटावा लागतो. युनिक्सच्या बर्कली शाखेने 1983 साली 4.2बीएसडी या आवृत्तीत प्रोसेसवर मर्यादा घालायची सोय दिली. मात्र ही मर्यादा बहुतांशी एकेका प्रोसेसपुरती होती. रेशनचं धान्य माणशी ठरवलं आणि घरातली माणसं मोजलीच नाहीत, तर काय होईल? ज्याच्या घरात माणसं जास्त, तो गोदाम रिकामं करील. प्रोसेसचंही तेच. प्रत्येक अपत्य नवा वाटा मागतं आणि प्रत्येकजण आपापल्या मर्यादेतच असतो. पुढे एका वापरकर्त्याच्या प्रोसेसच्या संख्येवर बंधन आलं, पण सगळ्यांची मिळून मेमरी किती, हा हिशेब त्यात नव्हता.

शिक्षणसंस्थांना ही अडचण फार आधी जाणवली होती. सिडनी विद्यापीठातल्या ज्यूडी के आणि पिअर्स लॉडर यांनी 1988 साली एक निबंध प्रसिद्ध केला. सीपीयूचा वेळ प्रोसेस मोजून न वाटता वापरणाऱ्या माणसाच्या वाट्यानुसार द्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे दहा प्रोसेस चालवणाऱ्याला एक चालवणाऱ्याच्या दसपट मिळू नये. इन्साफाचा प्रश्न यंत्रात शिरला तो असा.

लिनक्समध्ये याचं व्यापक उत्तर यायला आणखी बरीच वर्षं गेली. 2006 साली गूगलमधल्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी ‘प्रोसेस कंटेनर’ या नावाने काम सुरू केलं. ‘कंटेनर’ शब्दाचे आधीच अनेक अर्थ होते, म्हणून 2007 मध्ये नाव बदलून ‘कंट्रोल ग्रुप’ झालं, थोडक्यात सीग्रुप. जानेवारी 2008 च्या लिनक्स 2.6.24 मध्ये ते दाखल झालं. त्याच वर्षी मेमरीचा हिशेब ठेवणारा भागही आला. त्यात आयबीएम इंडियाच्या बलबीर सिंग यांचा मोठा वाटा होता.

आता रेशनकार्ड माणशी न राहता कुटुंबाचं झालं. गटातल्या प्रोसेसने जन्म दिलेलं अपत्य आपोआप त्याच गटात मोजलं जातं. पोरं कितीही वाढोत, कार्ड एकच. मेमरीची हद्द गाठली की कर्नल आधी जागा मोकळी करायचा प्रयत्न करतो. नाहीच जमलं, तर त्या गटातलीच प्रोसेस मारली जाते. शेजाऱ्याला झळ लागू नये, हा हेतू. 2013 साली आलेलं डॉकर याच पायावर उभं आहे.

पहिल्या रचनेत एक खोट होती. मेमरीचे गट वेगळे, सीपीयूचे वेगळे, डिस्कचे आणखी वेगळे ठेवता येत. एकाच घराची तीन दुकानांत तीन नावांनी खाती असावीत, तसा प्रकार. हिशेब जुळेना. तेजुन हिओ यांच्या पुढाकाराने सगळ्यांसाठी एकच वृक्ष असलेली दुसरी आवृत्ती तयार झाली आणि मार्च 2016 मध्ये लिनक्स 4.5 बरोबर ती अधिकृत झाली. त्याआधी, 2015 मध्येच, गटातल्या प्रोसेसची संख्या बांधून ठेवणारा भाग आला होता. आमच्या सर्व्हरला नेमकी त्याचीच गरज होती.

या दुसऱ्या आवृत्तीत ‘मेमरी.मॅक्स’ नावाची फाईल असते. तिच्यात लिहिलेल्या आकड्यापलीकडे गटाला जाता येत नाही. ही हद्द. तिच्या शेजारी ‘मेमरी.मिन’ नावाची दुसरी फाईल असते. यंत्रावर टंचाई असली तरी तिच्यात लिहिलेली मेमरी कर्नल त्या गटाकडून काढून घेत नाही. हा हक्क. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये राहतात, कारण यंत्रातली मेमरी मोजकीच आहे. एकाला हद्द नसेल, तर दुसऱ्याचा हक्क कागदावरच राहतो.

त्या दिवशी चूक मुलाची कमी आणि आमची जास्त होती. सामाईक यंत्र मुलांच्या हाती देताना वाटे ठरवायचं काम मोठ्यांचं होतं. ते आम्ही केलं नाही, आणि हद्द ओलांडल्याचा ठपका मात्र अशा पोरावर ठेवला, ज्याला हद्द कुणी आखूनच दिली नव्हती. आपल्या मोहल्ल्यात आणि गावातही हे किती वेळा घडतं, याचा विचार मनात येतो.

दहावीला निरोप देताना मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, “बेटा, तू एकच प्रोग्राम चालवला होतास. मला माफ कर.” त्याला तो प्रसंग नीट आठवतही नव्हता. मला मात्र व्युत्पत्तीच्या तासाला दरवेळी आठवतो.