किन्शासातील आंतरराष्ट्रीय हॉटेल आणि काँगोमधील राज्यसंस्थेची वाटचाल : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

आधुनिक इतिहासाच्या अभ्यासात राजवाडे, संसदभवने, तुरुंग आणि रेल्वेस्थानके यांच्याकडे सत्तेच्या खुणा म्हणून पाहिले जाते. हॉटेल या वास्तूची मात्र फारशी दखल घेतली जात नाही. ती प्रवासवर्णनाचा किंवा फार तर व्यवस्थापनशास्त्राचा विषय मानली जाते. वास्तविक वसाहतोत्तर आफ्रिकेतील राजधान्यांमध्ये मोठे आंतरराष्ट्रीय हॉटेल हे केवळ निवासाचे ठिकाण नव्हते. परदेशी कंपन्यांचे प्रतिनिधी, राजनैतिक अधिकारी, पत्रकार, कर्ज देणाऱ्या संस्थांचे तज्ज्ञ आणि स्थानिक सत्ताधारी यांच्या गाठीभेटी तेथे होत आणि अनेकदा सत्तांतराचे पहिले पडसादही तेथेच उमटत.

प्रस्तुत निबंधात काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी किन्शासा येथील मेमलिंग व इंटरकॉन्टिनेंटल या दोन हॉटेलांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. नदीपलीकडील ब्राझाव्हिल ही दुसऱ्या, पूर्वीच्या फ्रेंच काँगोची राजधानी असून तिचा येथे विचार केलेला नाही. निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे की, किन्शासातील आंतरराष्ट्रीय हॉटेल हे राज्यसंस्थेच्या कर्तृत्वापेक्षा तिच्या उणिवांचे अधिक विश्वसनीय साधन आहे. पाहुण्याला आत काय मिळत होते हे पाहिले असता बाहेरच्या नागरिकाला काय मिळत नव्हते, हे समजते.

वसाहतकालीन पार्श्वभूमी : विमानमार्ग आणि वर्णरेषा

हेन्री मॉर्टन स्टॅन्लीने १८८१ मध्ये काँगो नदीकाठी ठाणे वसवले आणि त्याला बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याचे नाव दिले. माताडी बंदरापासूनचा लोहमार्ग १८९८ मध्ये पूर्ण झाल्यावर लिओपोल्डविलचे व्यापारी महत्त्व वाढले आणि १९२० च्या दशकात राजधानी बोमाहून येथे हलवण्याचा निर्णय झाला. त्याच दशकात बेल्जियम व वसाहत यांना हवाई मार्गाने जोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या साबेना कंपनीच्या विमानातून एडमंड थिफ्री यांनी १९२५ मध्ये ब्रुसेल्स ते लिओपोल्डविल हा प्रवास ५१ दिवसांत केला. १९३५ मध्ये नियमित सेवा सुरू झाली तेव्हा हे अंतर साडेपाच दिवसांवर आले होते.

प्रवासी विमानाने येऊ लागला की त्याच्या निवासाची सोय करावी लागते. किन्शासातील मेमलिंग हॉटेल १९३० च्या दशकातील आहे. पुढे ते साबेनाच्या हॉटेल व्यवसायाचा भाग बनले. पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकाराचे नाव धारण करणारे हे हॉटेल विषुववृत्ताजवळच्या शहरात युरोपचा एक तुकडा सांभाळून होते. शहराची रचनाही याला पूरक होती. युरोपीयांची वस्ती आणि आफ्रिकी वस्ती यांच्यामध्ये उद्याने, प्राणिसंग्रहालय, गोल्फचे मैदान असा मोकळा पट्टा आरोग्याच्या कारणास्तव राखला होता. आफ्रिकी माणूस या पट्ट्यापलीकडे दिवसा कामगार म्हणून जाऊ शकत असे. रात्री तेथे थांबण्यासाठी त्याला परवाना लागत असे.

शिक्षित आफ्रिकी वर्गाला, म्हणजे तेथील परिभाषेत ‘एव्हॉलुए’ वर्गाला, काही सवलती देण्यासाठी १९४८ मध्ये नागरी गुणवत्तेचे पत्र आणि १९५२ मध्ये नोंदणीची पद्धत सुरू झाली. या नोंदणीसाठी अर्जदाराच्या घराची, राहणीची व वागण्याची तपासणी होत असे. अशी मान्यता मिळालेल्यांची संख्या काही शेपलीकडे गेली नाही. म्हणजेच, ज्या हॉटेलात युरोपीय पाहुणा केवळ पैसे देऊन प्रवेश करीत असे, तेथे सन्मानाने बसण्यासाठी त्याच भूमीतील माणसाला आपण ‘सुसंस्कृत’ असल्याचा पुरावा द्यावा लागत होता. ४ जानेवारी १९५९ रोजी लिओपोल्डविलमध्ये उसळलेल्या दंगलीची मुळे या विभागणीतही शोधावी लागतात.

१९६० : स्वातंत्र्य आणि तात्पुरते निवासी

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. त्या वेळी देशातील विद्यापीठीय पदवीधर तीसहूनही कमी होते. ५ जुलैला सैन्यात बंड सुरू झाले. स्वातंत्र्यसोहळ्यासाठी आलेले संयुक्त राष्ट्रसंघाचे राल्फ बंच ज्या हॉटेलात उतरले होते, तेथेही बंडखोर सैनिक पोहोचले. हजारो युरोपीयांनी देश सोडला आणि १४ जुलैच्या ठरावानंतर संयुक्त राष्ट्रसंघाचे सैन्य येथे दाखल झाले. या मोहिमेचे मुख्यालय ‘रॉयल’ नावाच्या निवासी इमारतीत थाटण्यात आले.

या कालखंडाशी भारताचा निकटचा संबंध आहे. सप्टेंबर १९६० ते मे १९६१ या काळात राजेश्वर दयाळ हे महासचिव डाग हामरशोल्ड यांचे विशेष प्रतिनिधी म्हणून येथे होते. पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांची पदच्युती, अटक व हत्या या घटना याच काळातील होत. भारताने १९६१ मध्ये आपली ब्रिगेड पाठवली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला कटांगा प्रांतात कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. स्वातंत्र्यानंतर वर्णरेषा कायद्यातून गेली. तथापि राजधानीतील महत्त्वाचे निर्णय परदेशी निवासी जेथे उतरले होते, अशा इमारतींतच होत राहिले.

मोबुतू राजवट आणि इंटरकॉन्टिनेंटल

२४ नोव्हेंबर १९६५ रोजी जोसेफ देझिरे मोबुतू यांनी सत्ता हाती घेतली. राजधानीचे नाव १९६६ मध्ये किन्शासा झाले. बेल्जियन खाणकंपनी युनियन मिनिएरची मालमत्ता राज्याकडे आली आणि १९६७ मध्ये ‘झाईर’ हे नवे चलन दोन अमेरिकी डॉलरच्या दराने सुरू झाले. तांब्याचे भाव चढे होते, कर्ज सहज मिळत होते आणि नव्या राज्याला आपले वैभव जगाला दाखवायचे होते. इंगा धरणाचा पहिला टप्पा १९७२ मध्ये पूर्ण झाला. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, नदीलगतच्या गोम्बे भागात म्हणजे पूर्वीच्या युरोपीय वस्तीत इंटरकॉन्टिनेंटल हॉटेल सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशाला झाईर हे नाव मिळाले.

इंटरकॉन्टिनेंटल ही हॉटेल कंपनी पॅन अमेरिकन या विमानकंपनीने १९४६ मध्ये स्थापन केली होती. मेमलिंग आणि इंटरकॉन्टिनेंटल यांतील फरक येथे लक्षात येतो. पहिले मातृदेशाच्या विमानकंपनीचे, तर दुसरे शीतयुद्धातील अमेरिकी प्रभावाच्या छायेतील होते. शासक बदलला होता. राजधानीतील उत्तम खोलीचे मानक मात्र बाहेरूनच ठरत होते. येथे मोबुतूंच्या ‘ऑथेंतिसिते’ म्हणजे अस्सलतेच्या धोरणातील अंतर्विरोधही स्पष्ट होतो. १९७२ मध्ये ख्रिस्ती नावे टाकून आफ्रिकी नावे घेण्याची सक्ती झाली, टाय वर्ज्य ठरला, ‘आबाकॉस्त’ हा बंद गळ्याचा पोशाख रूढ झाला आणि ‘मस्य’ऐवजी ‘सितोयाँ’ म्हणजे नागरिक असे संबोधन आले. मात्र या अस्सलतेची साक्ष पटवण्यासाठी राज्याला परदेशी पाहुणा हवा होता आणि त्याला परदेशी धर्तीचीच खोली हवी होती.

३० ऑक्टोबर १९७४ च्या पहाटे चार वाजता २० मे या नावाच्या क्रीडागारात महंमद अली व जॉर्ज फोरमन यांच्यात झालेली मुष्टियुद्धाची लढत हा या प्रदर्शनाचा कळस होता. प्रत्येक खेळाडूला पन्नास लाख डॉलर देण्याचे ठरले होते. ही लढत २५ सप्टेंबरला व्हायची होती. सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाल्याने ती लांबली. अलीने नदीकाठच्या न्सेले येथे मुक्काम केला, तर फोरमन इंटरकॉन्टिनेंटलमध्ये राहिला. नॉर्मन मेलर यांच्या ‘द फाइट’ (१९७५) या पुस्तकातही हे हॉटेल येते. लढत लांबल्याने शेकडो पत्रकार आठवडे न् आठवडे किन्शासात अडकून पडले आणि जगाला झाईरचे जे दर्शन घडले, त्यातील बरेचसे हॉटेलाच्या बैठकीत बसून लिहिलेले होते.

याच वर्षी तांब्याचे भाव एप्रिलमधील उच्चांकावरून वर्षअखेर निम्म्याहूनही खाली आले. ३० नोव्हेंबर १९७३ च्या घोषणेने परदेशी मालकीचे व्यापार व मळे देशी मंडळींना वाटून देण्यात आले होते. ग्रीक, पोर्तुगीज आणि दक्षिण आशियाई व्यापाऱ्यांची दुकाने त्यात गेली. ती बहुधा सत्तावर्तुळातील व्यक्तींच्या हाती पडून लवकरच रिकामी झाली. लढतीच्या झगमगाटात जग झाईरकडे पाहत होते, तेव्हा त्या वैभवाचा आर्थिक पाया खचू लागला होता.

ऱ्हासाचा काळ : चलन, वीज आणि पाहुणे

१९८० च्या दशकापासून राज्याच्या सेवा क्रमाक्रमाने बंद पडत गेल्या. पगार न मिळणाऱ्या सरकारी नोकरापासून फेरीवाल्यापर्यंत सर्वजण ‘कलम १५’ नुसार जगू लागले. राज्यघटनेत नसलेल्या या कलमाचा लोकप्रचलित अर्थ ‘आपले आपण पाहून घ्या’ असा होता. सप्टेंबर १९९१ मध्ये सैनिकांनीच शहर लुटले. जानेवारी १९९३ मध्ये त्यांना पन्नास लाख झाईरच्या नव्या नोटांत पगार मिळाला. व्यापाऱ्यांनी त्या नोटा नाकारल्या आणि पुन्हा लूटमार झाली. त्याच वर्षी तीस लाख जुन्या झाईरचा एक नवा झाईर करण्यात आला. १९६७ मध्ये दोन डॉलर किमतीचे असलेले चलन अशा रीतीने निरर्थक झाले.

या परिस्थितीत हॉटेल आणि शहर यांच्यातील सीमा नव्याने आखली गेली. आता ती कातडीच्या रंगाने नव्हे, तर डॉलर आणि जनित्र यांनी ठरत होती. ज्याच्या हाती डॉलर नव्हता, त्याच्यासाठी हॉटेलाचे दार कायद्याने उघडे असूनही बंदच होते. विजेचा प्रश्न याहून बोलका आहे. इंगाची वीज सुमारे १,७०० किलोमीटर लांबीच्या वाहिनीने कटांगाच्या खाणींकडे नेण्यात आली, परंतु वाहिनीखालची असंख्य गावे अंधारातच राहिली. ऑगस्ट १९९८ मध्ये बंडखोरांनी इंगाचा ताबा घेऊन राजधानीची वीज तोडली, तेव्हा दवाखाने आणि पाणीपुरवठाही ठप्प झाला. स्वतःची वीज निर्माण करू शकणाऱ्या मोजक्या वास्तूंचे वेगळेपण अशा वेळी अधिकच उठून दिसे.

सत्तांतराचे चित्रही याच हॉटेलात दिसले. ब्रिटिश पत्रकार मिशेला राँग यांनी मोबुतू राजवटीवरील आपल्या पुस्तकाचा (२०००) आरंभ इंटरकॉन्टिनेंटलपासून केला आहे. मे १९९७ मध्ये राजवटीशी संबंधित कुटुंबे येथे आश्रयाला आली आणि पुढे नदी ओलांडून निघून गेली. मोबुतू १६ मे रोजी राजधानीतून बाहेर पडले. १७ मे रोजी लोराँ देझिरे काबिला यांचे सैन्य शहरात आले. थोड्याच दिवसांत नव्या राजवटीची माणसे त्याच हॉटेलात मुक्कामाला होती. पाहुणे बदलले, खोल्या त्याच राहिल्या.

साधन म्हणून हॉटेलाच्या मर्यादा

या ठिकाणी अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. किन्शासाविषयीचे इंग्रजी लेखन मोठ्या प्रमाणात हॉटेलात राहिलेल्यांचे आहे. त्यामुळे १९७४ मध्ये वैभवाचे आणि १९९७ मध्ये विनाशाचे चित्र उमटते. मधल्या काळात शहर कसे जगले याचे उत्तर त्यात क्वचितच मिळते. खोल्या झाडणारे, स्वयंपाक करणारे, जनित्र चालू ठेवणारे आणि रोज दूरच्या वस्तीतून पायी येणारे कर्मचारी या लेखनात बहुधा निनावी आहेत. राजवटी, नावे आणि चलने बदलत असता हॉटेल चालू राहिले, याचे श्रेय प्रथम त्यांचे आहे. हॉटेलाचा इतिहास पाहुण्यांच्या नोंदींवरून लिहिला, तर वसाहतकालीन वर्णरेषा इतिहासलेखनात पुन्हा उभी राहते. कर्मचाऱ्यांच्या मौखिक इतिहासाची नोंद हे म्हणूनच या क्षेत्रातील तातडीचे काम आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. किन्शासातील आंतरराष्ट्रीय हॉटेलाचा प्रवेश-निकष दोनदा बदलला : प्रथम वर्ण, नंतर राजकीय जवळीक आणि शेवटी परकीय चलन. सामान्य नागरिक मात्र तिन्ही काळांत बाहेरच राहिला.

२. ही हॉटेले ज्या विमानकंपन्यांमुळे नावारूपाला आली, त्या टिकल्या नाहीत. पॅन अमेरिकनने १९८१ मध्ये हॉटेल कंपनी विकली व १९९१ मध्ये ती स्वतः बंद पडली. साबेना २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. इंटरकॉन्टिनेंटलचे नाव पुढे ग्रँड हॉटेल व त्यानंतर पुलमन असे बदलले. मालकी व नाव अस्थिर असले, तरी परदेशी पाहुण्यासाठी वेगळी सोय ही व्यवस्था स्थिर राहिली.

३. हॉटेलात स्वतंत्रपणे उभ्या कराव्या लागलेल्या वीज, पाणी व सुरक्षा या सोयी राज्यसंस्थेच्या अपयशाची सूची म्हणून वाचता येतात.

स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे चार लाख वस्ती असलेले हे शहर आज दीड कोटींहून अधिक लोकसंख्येचे असल्याचा अंदाज आहे. अशा शहरात किती तारांकित खोल्या वाढल्या, हे विकासाचे माप ठरू शकत नाही. हॉटेलाला स्वतःचे जनित्र ठेवण्याची गरज ज्या दिवशी उरणार नाही, त्या दिवशी किन्शासाच्या राज्यसंस्थेने आपल्या नागरिकांपर्यंत पोहोचण्यास प्रारंभ केला, असे इतिहासकाराला म्हणता येईल.