मिठागराच्या काठावर आयोडीनचा शोध

भाईंदर सोडून लोकल गाडी खाडीपुलावर आली, की नायगाव-वसईच्या दिशेने मिठागरांची सपाट जमीन दिसू लागते. त्यांतली अनेक आता ओस पडली आहेत. पण या भागात ‘आगर’ हा शब्द अजून जिवंत आहे. अशा ठिकाणी अंतःस्रावी ग्रंथींचा पाठ शिकवताना वर्गातून हमखास एक प्रश्न येतो. मीठ समुद्राचेच, समुद्रात आयोडीन असतेच, मग पिशवीतल्या मिठात ते वेगळे का घालायचे? हा प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तराला दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८११ साली बर्नार्ड कुर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला समुद्रशेवाळाच्या राखेत जांभळी वाफ देणारा एक नवा पदार्थ सापडला. तेच आयोडीन. गलगंडावर भाजलेले समुद्रशेवाळ देण्याची जुनी रीत होतीच. तिचा धागा पकडून जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरांनी १८२० मध्ये गलगंडाच्या रोग्यांना आयोडीन दिले. गाठी उतरल्या, पण मात्रा जास्त झाल्याने काहींना त्रासही झाला आणि उपाय बदनाम झाला. १८९५ मध्ये बाउमान यांना गळ्यातील अवटू ग्रंथीतच आयोडीन आढळले, तेव्हा कोडे उलगडू लागले. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत केंडल यांनी या ग्रंथीचे संप्रेरक स्फटिकरूपात वेगळे केले. ते थायरॉक्सिन. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात.

आता ग्रंथी फुगते कशी ते पाहू. रक्तातील थायरॉक्सिनवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची नजर असते. थायरॉक्सिन कमी झाले, की पीयूषिका आपले उद्दीपक संप्रेरक जास्त सोडते आणि अवटूला ‘काम वाढव’ असा निरोप देते. थायरॉक्सिन पुरेसे झाले, की हा निरोप आपोआप मंदावतो. यालाच ऋण पुनर्भरण म्हणतात. पण आहारात आयोडीनच नसेल तर? निरोप येतच राहतो, ग्रंथीच्या पेशी वाढतात, आणि कच्चा माल नसल्याने उत्पादन मात्र वाढत नाही. गलगंड म्हणजे काम वाढवण्याची ही निष्फळ धडपड. खरे नुकसान गळ्यात दिसत नाही. गर्भाची स्वतःची ग्रंथी कामाला लागेपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. तीव्र तुटवड्यात जन्मलेले मूल मतिमंद किंवा बहिरे असू शकते, आणि ती हानी पुढे भरून येत नाही.

भारतात निर्णायक पुरावा हिमालयाच्या पायथ्याशी मिळाला. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी कांग्रा खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांतच पहिल्या दोन विभागांत गलगंडाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. साध्या मिठाच्या विभागात ते होते तिथेच राहिले. या कामाचा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल लिहिणाऱ्यांत एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही नावेही आहेत. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे डोंगराबाहेरच्या जिल्ह्यांतही तुटवडा दिसून आला आणि देशातले एकही राज्य त्यातून मुक्त नाही हे स्पष्ट झाले.

मग समुद्राच्या मिठाचे काय? हिशेब वर्गात फळ्यावर मांडता येईल. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि आयोडीन फक्त ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास. ते सगळे मिठात उतरले असे मानले, तरी १० ग्रॅम मिठात जेमतेम १७ मायक्रोग्रॅम येईल. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची. शिवाय ते सगळे उतरतही नाही. आगरात मिठाचे खडे बनतात, तेव्हा आयोडीनचे क्षार बहुतांशी उरलेल्या कडू पाण्यातच राहतात आणि त्या पाण्याबरोबर निघून जातात. अर्नाळ्याच्या कोळ्याला समुद्रातून आयोडीन मिळते ते मिठातून नव्हे, मासळीतून.

आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडाइड न घालता पोटॅशियम आयोडेट घालतात, कारण उष्ण, दमट हवेत आयोडाइडमधले आयोडीन उडून जाते. म्हणूनच अशा मिठावर नुसती भाताची पेज टाकून निळा रंग येत नाही. पेजेबरोबर थोडे आयोडाइड आणि सौम्य आम्ल घातले, तरच आयोडीन मुक्त होते. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून दाखवावा.

राहिला कायद्याचा भाग. मिठाचा कायदा म्हटला, की महाराष्ट्राला १९३० मधील शिरोडा आणि वडाळा आठवतात. म्हणूनच १९९८ मध्ये खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावर देशभर बंदी आली, तेव्हा ‘पुन्हा मिठावर सक्ती?’ हा प्रश्न उठला. छोट्या आगरवाल्यांची अडचण तर खरीच होती. त्यांचे मीठ खाण्यासाठी थेट विकता येईना. २००० मध्ये केंद्राने बंदी उठवली, २००६ मध्ये ती परत आली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मूळ कायद्याच्या अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला. पण आयोडीनची अट नंतर अन्नसुरक्षा कायद्याखाली चालू राहिली.

आम्हाला वाटते, दोन्ही बाजू मुलांपुढे ठेवाव्यात. ज्याला धोका सर्वांत जास्त, ते न जन्मलेले मूल आपले मीठ निवडू शकत नाही, हे सक्तीच्या बाजूचे सर्वांत भक्कम कारण. पण आगरवाल्याला आयोडेट फवारण्याची साधी सोय मिळाली असती, तर आरोग्य आणि रोजगार यांत एकाची निवड करावी लागली नसती. हिशेबही अजून संपलेला नाही. घरी पोहोचलेल्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवे, म्हणजे १० ग्रॅम मिठात दिवसाची गरज भागते. आता रक्तदाबामुळे डॉक्टर ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. मग उरलेले आयोडीन कुठून यावे? हा प्रश्न विद्यार्थ्यांना घरच्या जेवणाची यादी करून सोडवू द्यावा.