खांदेरीचा वेढा आणि होडीचा तळ

आपल्या राळेगणापासून समुद्र लांब. आपलं पाणी पाझर तलावाचं, नालाबांधाचं. तरी आज गोष्ट होडीची आहे.

मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळसमोर खांदेरी नावाचं बेट आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना ते खुपलं. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची वाट अडवली. 18 ऑक्टोबरला झुंज झाली. मराठ्यांनी इंग्रजांचं एक गुराब पकडलं, पण ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे मागे फिरावं लागलं. पाठलाग नागोठण्याच्या खाडीच्या तोंडापर्यंत झाला. पुढे पाणी उथळ. गलबतं आत शिरली, जहाज बाहेर राहिलं. आणि रात्री हीच गलबतं पहारा चुकवून बेटावर दाणागोटा पोचवत राहिली.

शौर्य होतंच, पण त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मी तळाबद्दल बोलते.

पाण्यावर परात ठेवून ढकला. पुढे पाण्याचा ढीग साचतो, परात अडते. शेवग्याची शेंग सोडा, ती पाणी कापत जाते. होडी चालताना स्वतःच लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांबते. लाट होडीएवढी लांब झाली, की होडी आपल्याच लाटेच्या खड्ड्यात बसते आणि कितीही जोर लावा, वेग फारसा वाढत नाही. म्हणून लांब होडीला वेग जास्त झेपतो, आणि अरुंद होडी मुळात लाटच लहान उठवते.

हे फुकट मिळत नाही. परात डगमगत नाही, शेंग कलंडते. हलक्या गलबताला जड तोफ पेलत नाही. पुढच्या शतकात रॉबर्ट ऑर्म या इंग्रजाने लिहून ठेवलंय, की गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत आणि ते ताशी चार मैल जाई. वारा पडला की शिडाचं जहाज जागीच, हे मात्र चालतंच. (इतक्या वल्हेकऱ्यांच्या भाकरी कोण थापत असेल, असं माझ्या मनात येतंच.)

ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांची कयाक अशीच लांब, अरुंद. सांगाड्यावर सीलचं कातडं ताणलेलं, आणि ते शिवायच्या बायका. टाका सैल पडला तर पाणी आत.

जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी तह करून जहाजं काढून घेतली. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे.