काचेतली खाण

खाणीचे नियोजन करणारा अभियंता आज आपल्या संगणकावरील त्रिमितीय खिडकीत अवघा डोंगर हवा तसा फिरवतो, त्याचा मनाजोगता छेद घेतो आणि विंधणछिद्रांतून हाती आलेल्या अयस्काची प्रत तांबड्या-पिवळ्या रंगांवरून ओळखतो; हे सामर्थ्य पाहून या खिडकीचे कूळ केवळ संगणकशास्त्रात शोधण्याचा मोह होतो, परंतु माझ्या मते त्या कुळाचा पुष्कळसा भाग अदालतीच्या आवारात वाढलेला आहे.

अ‍ॅग्रिकोलाचा खाणकामावरील ग्रंथ 1556 मध्ये बाझल येथे छापला गेला. त्यातील काष्ठचित्रांत डोंगराची कूस उघडी करून आतील विहिरी व बोगदे दाखविलेले आहेत. तथापि ती मापाबरहुकूम नव्हेत. मोजणीदाराचा नकाशा मापाचा असे खरा, पण त्यात एकाखाली एक असलेले मजले एकाच कागदावर निरनिराळ्या शाईने उतरलेले असत, आणि खोलीची कल्पना वाचणाऱ्याने स्वतःच करावयाची असे. थॉमस सॉपविथ या इंग्रज मोजणीदाराने 1834 मध्ये सममितीय रेखनावर ग्रंथ लिहिला. पुढे डीनच्या अरण्यातील कोळशाच्या हक्कांचे कज्जे मिटविण्यासाठी 1838 च्या कायद्यान्वये जे आयुक्त नेमले गेले, त्यांत तो होता. तेथील थरांची त्याने लाकडी प्रतिकृतीच करविली.

खरी बहार मात्र अमेरिकेत उडाली. ज्याच्या जमिनीत धातुशिरेचे शिखर, त्याने ती शिर शेजाऱ्याच्या हद्दीखालीही खोदत न्यावी, अशी मुभा तेथील 1872 च्या कायद्याने दिली, आणि वकीलवर्गाची अशी चिरंतन सोय दुसऱ्या कोणत्याही कायद्याने क्वचितच केली असेल! भूगर्भात कधीही न उतरलेल्या न्यायाधीशांस शिर अखंड आहे की तुटलेली, हे पटवावे कसे? त्यासाठी खाणीच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा काचेच्या तावदानावर रंगवून ती तावदाने प्रमाणशीर अंतराने लाकडी चौकटीत बसवीत. पक्षकाराचा पुरावा असा आरपार दिसे.

संगणक या घराण्यात उशिरा आला. प्रारंभी तो अयस्काच्या ठोकळ्याठोकळ्यांची प्रत मोजून आकड्यांचे तक्ते छापी. 1981 च्या सुमारास सरपॅक, डेटामाइन यांसारख्या खाणकामाच्या प्रणालींचा उदय झाला, आणि पुढे सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या यंत्रांनी त्रिमितीय आकृती पडद्यावर सहज फिरती केली.

वारशाबरोबर वकिली स्वभावही आला. काचेच्या दोन तावदानांमध्ये निदान पोकळी दिसत असे, आणि तेथे काय आहे ते कुणी पाहिलेले नाही, हे पाहणाऱ्यास उमगे. खिडकीत मात्र दोन छिद्रांमधील अनुमान त्रिकोणांच्या जाळीने मढून प्रत्यक्षाइतकेच घट्ट व तुकतुकीत दिसते. म्हणून जाणता भूवैज्ञानिक आराखडा मंजूर करण्यापूर्वी तो घट्ट आकार पडद्यावरून काढून टाकतो, छेदाची जाडी कमी करतो आणि उरलेली छिद्रे एकेक करून तपासतो.