ज्वारीच्या पानातले गुपित



पाऊस ओढ देतो, ऊन तापते, खाचरातला भात माना टाकू लागतो. पण ज्वारी-बाजरी तग धरून उभी असते. ज्वारी काटक, हे आपल्या पणजीलाही ठाऊक होते. ती काटक का, याची कारणे अनेक. त्यांतले एक मात्र १९६० नंतर उलगडले, आणि तेही उसाच्या पानातून, दूर समुद्रापलीकडे. ती हकीकत आज सांगायची आहे.

वनस्पतीचे अन्न पानात, उन्हाच्या बळावर तयार होते. हवेतला कर्बवायू आणि मुळांनी ओढलेले पाणी यांपासून पान साखर बनवते. हे काम हिरव्या भागातच आणि उजेडातच चालते, हे इंगेनहाउझ या डच वैद्याने १७७९ साली दाखवले. पण कर्बवायूची साखर होते कशी? ते अमेरिकेतील बर्कली येथे मेल्विन कॅल्व्हिन, बेन्सन व बॅशम यांनी किरणोत्सर्गी कर्बाची खूण लावून शोधले. पहिला पदार्थ तीन कर्बांचा होतो, असे त्यांना आढळले. कॅल्व्हिन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोडे सुटले, सर्व हिरव्या वनस्पतींची रीत हीच, असे सर्वांनी धरून चालले.

ऊस मात्र या हिशोबात बसेना. हवाई बेटांवरच्या ऊसमळेवाल्यांच्या संशोधन केंद्रात कॉर्टशाक, श्रीमती हार्ट आणि बर यांनी तोच प्रयोग उसावर केला, तेव्हा खूण प्रथम सापडली ती चार कर्बांच्या आम्लांत! हे त्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी १९६० साली रशियात कार्पिलोव्ह यांना मक्यात असेच दिसले होते. पण तिकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक हे दोघे होते. त्यांनी हे कोडे हाती घेतले आणि १९६६ पासून त्याचा एकेक धागा सोडवला.

आता ही युक्ती काय, ते पाहू. पानात रुबिस्को नावाचे एक विकर असते. त्याला आपण घरचे जुने जाते म्हणू. कर्बवायू हे त्याचे धान्य. पण या जात्याला खडा आणि दाणा यांतला फरक नीट कळत नाही. साधारण चार-पाच वेळांत एकदा ते कर्बवायूऐवजी प्राणवायूच धरते. मग ती चूक निस्तरायला बळ खर्च होते आणि मिळवलेला थोडा कर्बही हातचा जातो. ऊन जसजसे वाढते तसतशा चुकाही वाढतात. भात, गहू, सोयाबीन, कापूस यांचे असेच चालते. यात जात्याचा तरी काय दोष? ते घडले त्या अतिप्राचीन काळी हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच.

ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस यांच्या घरी मात्र दारातच एक निवडणारी बसलेली असते. पानाच्या बाहेरच्या पेशींत दुसरे एक विकर असते. ते प्राणवायूकडे ढुंकूनही पाहत नाही. कर्बवायू निवडून, चार कर्बांच्या आम्लात बांधून ते आत पाठवते. आत, शिरेभोवती पेशींचे एक कडे असते. तिथे ते गाठोडे सुटते आणि जात्यापुढे कर्बवायूची रास पडते. पानाची रंध्रे थोडी मिटली तरी काम चालते, म्हणून पाणीही कमी उडते. मग उसाला एवढे पाणी का, असे तुम्ही विचाराल. तर ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो आणि वाढतोही तसाच प्रचंड. निवडणारीलाही मजुरी द्यावी लागते, म्हणून थंड, अंधुक हवेत या युक्तीचा लाभ राहत नाही.

आता प्रश्न असा, की ही युक्ती भाताला शिकवता येईल का? हरितक्रांतीत बुटक्या जाती, खत आणि पाणी यांनी दाणा वाढला; पानाची मूळ रीत तीच राहिली. म्हणून २००८ मध्ये फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत असा भात घडवण्याचे काम सुरू झाले. पुढे त्याची सूत्रे ऑक्सफर्डहून हलू लागली. पण एका जनुकाचे हे काम नव्हे; पानाची घडणच बदलायची आहे. तो भात अजून शेतकऱ्याच्या शेतात आलेला नाही.

अमेरिकेत इलिनॉय येथे दुसऱ्या वाटा चोखाळल्या गेल्या. जात्याची चूक जवळच्या वाटेने निस्तरणारी तंबाखूची रोपे २०१९ साली शेतातल्या चाचणीत सुमारे ४० टक्के अधिक भरली. २०२२ मध्ये सोयाबीनचा निष्कर्ष आला. उन्हातून सावलीत गेल्यावर लवकर सावरणाऱ्या त्या झाडांना एका हंगामात सरासरी २४ टक्के जास्त दाणे आले. पण पुढच्या हंगामात वादळाने पीक आडवे झाले आणि तशी वाढ दिसली नाही. शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. कुंडीतला हिशोब वेगळा आणि रानातला वेगळा. तेव्हा अशी बातमी कानी आली, तर एवढेच विचारावे: किती शेतांत, किती हंगाम?

शिक्षकांनी मक्याच्या पानाचा पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना जरूर दाखवावा. शिरेभोवतीचे कडे स्पष्ट दिसते. मग बांधावरची हराळी आणि लव्हाळा पाहायला सांगावे. तिथेही तेच आहे. उन्हाळ्यात ही तणे का मातात, याचे निम्मे उत्तर मुलांना तिथेच मिळेल.

आणि शेतकरी बंधूंनो, आपल्याकडे ज्वारीखालचे क्षेत्र गेल्या काही दशकांत घटत आले आहे. भाव, मजुरी, राखण, सगळी कारणे खरी आहेत. पण जी विद्या भाताला शिकवण्यासाठी जगातले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे खपत आहेत, ती ज्वारीच्या प्रत्येक ताटात आधीच आहे. पेऱ्याचा विचार करताना एवढे ध्यानात असू द्या.