निद्रेचा आरोप

कुंभकर्णाच्या झोपेला निदान शापाची सबब होती. परंतु एखादा पंधरा वर्षांचा मुलगा आठ-दहा दिवस, दिवसाचे अठरा तास झोपू लागला, तर त्याला आळशी, सोंगाड्या किंवा वेडा यांपैकी एक शिक्का घ्यावा लागतो. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आजारी माणसाला दाखला मिळेपर्यंत कामचुकार कसे ठरवतात, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. म्हणूनच या आजाराचा इतिहास आम्हांला जवळचा वाटला.

1925 साली फ्रँकफुर्टच्या विली क्लाइने यांनी पाळीपाळीने येणाऱ्या अशा झोपेचे रुग्ण नोंदले. पुढे अमेरिकेतील मॅक्स लेव्हिन यांनी 1936 साली या झोपेचा आणि विलक्षण भुकेचा संबंध दाखवला. 1942 साली क्रिचली आणि हॉफमन या ब्रिटिश डॉक्टरांनी दोघांची नावे जोडली आणि क्लाइने-लेव्हिन हे नाव रूढ झाले.

झोपेचा झटका आला की मुलगा गोंधळतो, लहान मुलासारखा बोलतो, भोवतालचे जग त्याला स्वप्नवत भासते. कोणी अधाशासारखे खातात, कोणाचा लैंगिक संयम सुटतो. काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी, सारे ओसरते आणि तोच मुलगा पूर्ववत शाळेत जातो. म्हणून तर संशय बळावतो! दहा लाखांत एखाददुसराच रुग्ण. त्यात रोग सिद्ध करणारी तपासणी आजही नाही.

मग तो ओळखला कसा? विखुरलेल्या हकिकती शेजारी-शेजारी मांडून. एकट्याची तक्रार कुरकूर ठरते. अनेकांची सारखीच निघाली की तिची दखल घ्यावीच लागते. मात्र यादीबाहेर राहिलेल्यांचे काय? 1962 साली क्रिचली यांनी 26 रुग्णांचा आढावा घेतला, तो केवळ किशोरवयीन मुलग्यांचा. मुलींनाही हा आजार होतो, हे पुढे सर्वमान्य झाले.

आज लिथियमने काहींचे झटके कमी होतात. बहुतेकांचा आजार वयाबरोबर मावळतो. उशिरा उठणारा प्रत्येक मुलगा या रोगाचा रुग्ण नव्हे, हे उघड आहे. तो निवाडा डॉक्टरांनी करावा. आपण एवढेच करावे : पुराव्याआधी शिक्षा सुनावू नये. झटका ओसरल्यावर मूल बरे होते; पण आपल्याच घरात खोटे ठरल्याचा सल त्याच्या मनातून सहजी जात नाही.