कळसावरची ध्वजा

आपल्या गावच्या श्रीविठ्ठल-रखुमाई मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य पांडुरंगाच्या कृपेने व आपणा सर्वांच्या हातभाराने तडीस गेले, हे आपल्या पिढीचे मोठेच भाग्य होय. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी संतपरंपरेविषयी चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. प्रस्तुत लेखक हा कोणी अधिकारी पुरुष नव्हे, जुना शाळामास्तर आहे. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले, एवढ्याच भांडवलावर हे धाडस करीत आहे. न्यून असेल ते गावकरी मंडळींनी पदरात घ्यावे.

कलशारोहणाच्या दिवशी सभामंडपात भजन चालले होते. वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देणारा तो सर्वांच्या तोंडी असलेला अभंग बुवांनी धरला. ज्ञानदेवांना पाया आणि तुकोबांना कळस म्हणणारा हा अभंग लहानथोरांना पाठ आहे. माझ्या शेजारी बसलेल्या नातीने हळूच विचारले, "आबा, हा अभंग कुणाचा हो?" मी म्हणालो, "बहिणाबाईंचा." तशी ती म्हणाली, "बाईंनी लिहिलाय? मग पायापासून कळसापर्यंत एकाही बाईचं नाव कसं नाही?"

चाळीस वर्षे मुलांना प्रश्न विचारणारा मी त्या दिवशी निरुत्तर झालो. घरी येऊन गाथा उघडली. अभंगाच्या शेवटच्या चरणात बहिणाबाईंनी आपले नाव घातले आहे आणि त्या नावाशेजारी फडकणारी ध्वजा आहे. आपण मात्र बहुधा कळसापाशीच थांबतो. त्या ध्वजेची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पूर्वी धर्मज्ञान संस्कृतात होते. वेदाचा अधिकार स्त्रीला नाही, मंत्र तिने उच्चारू नये, व्रतवैकल्ये व पतिसेवा हाच तिचा धर्म, अशी शास्त्राची वाट होती. ज्या वाटेवर आपल्याला पाऊल टाकू देत नाहीत ती सोडून दुसरी वाट शोधणे भाग होते. तेराव्या शतकात ती वाट मराठी भाषेने दाखवली. महानुभाव पंथाचे श्रीचक्रधरस्वामी यांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला व मासिक धर्माचा विटाळ मानू नये असे सांगितले. त्यांच्या शिष्यांत महदाइसा ही एक विधवा स्त्री होती. ती स्वामींना प्रश्न विचारी, आणि समाधान होईपर्यंत विचारी. 'लीळाचरित्रा'त तिची ही जिज्ञासा जागोजाग दिसते. पुढे तिने रचलेले 'धवळे' मराठीत प्रसिद्ध आहेत व आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचा मान आहे. चक्रधरांनंतर नागदेवाचार्यांकडे पंथाची धुरा आली, तेव्हा विद्वान शिष्यांना त्यांनी संस्कृताचा आग्रह सोडायला लावला. संस्कृतात बोललात तर माझ्या म्हाताऱ्या बायकांचे नुकसान होईल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय 'स्मृतिस्थळा'त आला आहे. आपली मातृभाषा धर्मग्रंथांत जी रुजली, तिच्यामागे या अनाम म्हाताऱ्यांचेही पुण्य आहे, हे विसरता कामा नये.

त्याच शतकात मुक्ताबाई झाल्या. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १२७९ चा व १२९७ साली तापीकाठी त्या अंतर्धान पावल्या. म्हणजे अवघे अठरा वर्षांचे आयुष्य. संन्याशाची पोरे म्हणून ही चारही भावंडे वाळीत पडलेली. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव एकदा झोपडीचे दार लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने बाहेरून त्यांची समजूत घातली. तेच 'ताटीचे अभंग'. ज्या माउलीच्या पायावर इमारत उभी आहे असे आपण म्हणतो, त्या माउलीला बंद दाराआडून बाहेर बोलावणारी ही लहान मुलगी होती. योगी चांगदेवांची ख्याती केवढी, पण त्यांनीही गुरू केले ते मुक्ताईला. आजही आषाढी वारीसाठी जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरहून तिची पालखी निघते व फार लांबची मजल करून पंढरपुरास येते.

जनाबाईंची गोष्ट तर आपल्या घरोघरची. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरास नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण्या यांतच तिचा दिवस जाई. देवळात जाऊन स्वस्थ बसायला तिला सवड कुठली? तेव्हा तिने देवालाच कामावर बोलावले. तिचा विठ्ठल जात्याचा खुंटा धरतो, शेण वेचतो, तिची वेणीफणीसुद्धा करतो. कधी ती त्याला आई म्हणून हाक मारते, तर कधी रागावून चार शब्दही सुनावते. देव राजा आणि भक्त चाकर, ही कल्पना तिने पार उलटी केली. पंढरपूरजवळ गोपाळपुरास जनाबाईचे जाते व संसार म्हणून दाखवतात. तेथे बाया जात्याला हात लावून नमस्कार करतात. माझ्या आईलाही तसे करताना मी पाहिले आहे. दळता दळता आयुष्य संपलेल्या त्या माउलीला तेथे काय वाटले असेल, ते आज कळते.

चोखोबांचे कुटुंब तर दुहेरी दाराबाहेर उभे होते. जातीमुळे मंदिरात प्रवेश नाही आणि घरात अठराविश्वे दारिद्र्य. तरी चोखोबांची पत्नी सोयराबाई व बहीण निर्मळाबाई या दोघींनी अभंग रचले. सोयराबाईंनी विटाळाचा प्रश्न थेट देवापुढे मांडला. देह जर विटाळातूनच जन्मतो, तर विटाळावाचून देह कोणाचा, आणि मग सोवळा तो कोण, असा त्यांचा बिनतोड सवाल आहे. या सवालाला उत्तर देणारा पंडित आजवर निपजला नाही. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच आहे. ते दार हरिजनांना उघडले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सोयराबाईंच्या प्रश्नाला मधे सहाशे वर्षे गेली.

मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेच्या पोटी आली. बिदरच्या बादशहाने तिला बोलावणे धाडले, तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायांवर देह ठेवला, अशी कथा आहे. मंदिराच्या आवारातील तरटीचे झाड तिच्या नावाने ओळखले जाते. जिच्या देहावर समाजाने किंमत लावली होती, तिने तो देह कोणाला वाहायचा हे स्वतः ठरवले.

आता पुन्हा बहिणाबाईंकडे येऊ. (खानदेशच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी या वेगळ्या, त्या अलीकडच्या काळातील.) या बहिणाबाईंचा जन्म १६२८ साली वेरूळजवळील देवगावचा. अजाण वयात तीस वर्षांच्या बिजवराशी त्यांचे लग्न झाले. घरच्या भाऊबंदकीमुळे कुटुंब देशोधडीला लागले व फिरत फिरत कोल्हापुरास आले. तेथे एक गाय व वासरू मिळाले. त्या वासराचा या मुलीवर इतका जीव की ती कीर्तनाला गेली तर तेही मागे जाई. लोकांत चर्चा झाली, पती संतापला आणि त्याने तिला बांधून मारले. हे सारे त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. सतराव्या शतकातील एका खेडवळ गृहिणीने आपल्या आयुष्याची हकीकत आपल्या शब्दांत लिहून ठेवली, ही मराठी वाङ्मयातील फार मोलाची ठेव आहे.

पुढे तुकोबांनी स्वप्नात येऊन अनुग्रह दिला असे त्या सांगतात. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हे पतीला सहन होईना. तो घर सोडून जायला निघाला. बहिणाबाईंपुढे मोठाच पेच पडला. पतीला सोडावे तर धर्म बुडतो, विठ्ठलाला सोडावे तर जीव जातो. स्त्रीजन्माला वेद नाही, मंत्र नाही, मग तरायचे कसे, हे दुःखही त्यांनी उघड बोलून दाखवले. तेवढ्यात पती आजारी पडला. बहिणाबाईंनी त्याची सेवा केली, पण नाम सोडले नाही. अखेर त्याचे मन पालटले आणि दोघे देहूस आली. जन्मावरून ब्राह्मण ठरतो काय, याची चिकित्सा करणारी संस्कृत 'वज्रसूची' त्यांनी मराठी अभंगांत आणली. मंत्राचा अधिकार नाकारलेल्या बाईने मंत्राच्या अधिकाराविषयीचा ग्रंथच मराठीत उतरवला, यातील मर्म सुज्ञांस सांगणे न लगे. १७०० साली त्यांनी देह ठेवला. वैजापूर तालुक्यातील शिऊर हे त्यांचे गाव म्हणून आजही वारकऱ्यांना पूज्य आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या स्त्रियांपैकी बहुतेकींनी घर सोडले नाही, मंदिर बांधले नाही, गादी स्थापिली नाही. जाते, चूल, गोठा, आजाऱ्याची उशाशी बसून सेवा, जिथे त्या होत्या तिथेच त्यांनी देवाला उभे केले. धर्माने जे दार लावले होते त्यावर डोके आपटत बसण्याऐवजी त्यांनी आपल्या बाजूला दुसरे दार काढले.

आणि ज्यांची नावे गाथेत आली नाहीत त्यांचे काय? आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर ओव्या गात. त्यांत पंढरी हे माहेर असे, विठ्ठल भाऊ किंवा बाप असे, रुसलेल्या रखुमाईची बाजूही घेतली जाई. सासरचा जाच, लेकीचे दुःख, पोटचे गुपित, सारे त्या ओवीत पिठाबरोबर बाहेर पडे. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोनाड्यात गेली आणि ओव्याही मुक्या झाल्या. हेमा राईरकर व गी पॉइटव्हिन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढा मोठा ग्रंथ कोणत्या एका संताचा आहे? तो अक्षरही न शिकलेल्या हजारो बायांचा आहे.

अलीकडच्या काळात काही दारे खरोखरच उघडली. नगर जिल्ह्यातील साकोरी येथे उपासनी महाराजांनी १९१७ साली स्थापिलेल्या आश्रमात कन्यांनी वेदपठण व यज्ञकर्म सुरू केले. १९४१ नंतर गोदावरीमातांनी, १९९० पर्यंत, ती परंपरा सांभाळली. पुण्यात १९७० नंतरच्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकवणारे वर्ग निघाले आणि बायका घरोघर पूजा सांगू लागल्या. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता येईना. उच्च न्यायालयाने कायद्याची आठवण दिल्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये देवस्थानाने ती मनाई उठवली. असो. कायद्याने दार उघडते, पण आतल्या माणसाने 'या' म्हणावे लागते.

आता आपल्या घरचे बोलतो. राग नसावा.

जुन्या मंदिराच्या भिंतीतील देणगीदारांची शिळा आपण जपून नव्या ओवरीत बसवली, हे फार चांगले केले. तिच्यावरची सर्व नावे मी वाचली. एकही नाव स्त्रीचे नाही. त्या काळी कोणा बाईने काही दिले नसेल काय? माझ्या आजीने कानातली फुले मोडून दिली होती, असे घरात सांगत. शिळेवर नाव आजोबांचे आहे. आजोबा सज्जन होते, त्यांनी काही लबाडी केली नाही. तेव्हा कोणाच्या मनातच तो विचार येत नसे.

पण या खेपेस काय झाले? महिला भजनी मंडळाने दर एकादशीस डब्यात जमवलेले पैसे गाभाऱ्याच्या फरशीसाठी दिले. अनेकींनी दूध, अंडी, शिवणकाम यांतली मिळकत वेगळी दिली. पावती पुस्तक चाळताना दिसले की त्यांतल्या पुष्कळ पावत्या मालकांच्या नावे फाटल्या आहेत. पावती लिहायला मीच बसलो होतो. बाई समोर उभी आणि मी सवयीने विचारले, "मालकांचं नाव काय?" दोष कोणाला द्यायचा तर तो पहिला मला. नातीचा प्रश्न मला लागला तो यासाठीच.

नवी शिळा अजून कोरायची आहे. जीर्णोद्धार समितीस माझी हात जोडून विनंती आहे की ज्या माउलीने दिले तिचे नाव तिच्या नावाने कोरावे. जिथे पावतीत चूक झाली आहे तिथे घरोघर जाऊन मी स्वतः यादी दुरुस्त करून आणतो, माझे पाय अजून चालतात. तसेच दर एकादशीच्या भजनाला वीणा एका वेळी भजनी मंडळाच्या माउलींच्या गळ्यात असावी. ही मागणी त्यांनी केलेली नाही, कारण त्यांना मागायची सवय नाही.

आणि तो इमारतीचा अभंग गाताना कृपा करून शेवटच्या चरणापर्यंत गावा. पाया भक्कम आहे, खांब उभे आहेत, कळस चढला आहे. वर ध्वजा फडकते आहे, ती कोणाची आहे हे आपल्या लेकीबाळींना ठाऊक असू द्यावे.

श्रीविठ्ठल-रखुमाई सर्व गावकऱ्यांना व देणगीदारांना, बंधूंना आणि भगिनींना, सुखी ठेवोत.

जय जय रामकृष्ण हरी.